गोल्फच्या हिरवळीचे खत आणि आपला युरिया: हंगामानुसार मात्रा कशी ठरवावी?

२०२५ च्या खरिपात देशाच्या अनेक भागांत युरियासाठी रांगा लागल्या. पाऊस चांगला झाला होता, भात आणि मक्याचा पेरा वाढला होता, हंगामाच्या सुरुवातीला साठा कमी होता आणि आयातही वेळेवर आली नाही. त्याच सुमारास चीनमधून येणारी विद्राव्य खते अडली आणि द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला उत्पादकांची अडचण झाली. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेले दुसरे उत्पादन गळ्यात मारले जाते, म्हणजे ‘लिंकिंग’ होते, ही तक्रारही जुनीच.

अशा वेळी गावच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो. आमच्या पिकाला खत नाही आणि शहरातली गोल्फची मैदाने बारा महिने हिरवीगार कशी? तिथे किती युरिया ओतत असतील?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना मात्र आपल्याच उपयोगाची माहिती हाती लागते. गोल्फ मैदानांनी गेल्या वीस वर्षांत खताचा वापर बराच कमी केला आहे आणि तो कसा केला, हे समजून घेण्यासारखे आहे. लॉनची शेती करणाऱ्यांना, रोपवाटिकाधारकांना, उद्यानांची कंत्राटे घेणाऱ्यांना आणि कृषी सहायकांना ते थेट उपयोगी पडेल. ऊस, भात, मका घेणाऱ्यांनाही त्यातली पद्धत घेता येईल. मात्रा मात्र जशीच्या तशी उचलू नये. त्याची कारणेही या लेखात दिली आहेत.

आधी हिशेब: मैदान किती नत्र खाते?

अठरा होलचे एक पूर्ण मैदान साधारण १५० एकरांचे असते. या सगळ्या क्षेत्राला खत दिले जात नाही. ज्या भागात चेंडू भोकात टाकतात तो ‘ग्रीन’. तिथले गवत ३ ते ४ मिलिमीटर उंचीवर रोज कापले जाते. सगळे ग्रीन मिळून जेमतेम तीन एकर भरतात. जिथून पहिला फटका मारतात ते ‘टी’ आणखी तीन एकर. दोन्हींच्या मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे ‘फेअरवे’. तो सुमारे ३० एकर. बाकीचा ‘रफ’, झाडे, तळी आणि वाटा. तिथे खत त्या मानाने कमी दिले जाते.

आता ढोबळ हिशेब करू. ग्रीन आणि टी यांना वर्षाला हेक्टरी २०० किलो आणि फेअरवेला १०० किलो नत्र दिले असे धरा. सहा एकर म्हणजे सुमारे २.४ हेक्टरला ४८० किलो आणि ३० एकर म्हणजे सुमारे १२ हेक्टरला १,२०० किलो. एकूण १,६८० किलो नत्र झाले. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. म्हणजे १५० एकरांच्या मैदानाचे वर्षाचे नत्र सुमारे १७ एकर उसाइतके झाले. देशात वर्षाला साडेतीन कोटी टनांहून अधिक युरिया वापरला जातो. त्यापुढे गोल्फ मैदानांचा वाटा नगण्य आहे. युरियाची टंचाई मैदानांमुळे होत नाही.

विद्राव्य खतांचे चित्र थोडे वेगळे आहे. १२:६१:००, ००:५२:३४, १३:००:४५ ही खते द्राक्षबागेतही लागतात आणि ग्रीनवरही फवारली जातात. ती मोठ्या प्रमाणात आयात होतात. त्यामुळे चीनने निर्यात रोखली की नाशिकचा बागायतदार आणि मैदानाचा व्यवस्थापक एकाच अडचणीत सापडतात. चीन २०२१ पासून वेगवेगळ्या प्रकारे खतांची निर्यात आवळत आहे. म्हणून दोघांनाही एकच प्रश्न सोडवायचा आहे: मिळालेल्या खतातला जास्तीत जास्त भाग पिकाच्या मुळाशी कसा पोहोचवायचा?

मैदानांनी खत कमी का केले?

अमेरिकेत गोल्फ मैदानांच्या व्यवस्थापकांची संघटना ठरावीक वर्षांनी खतवापराची पाहणी करते. २००६ ते २०१४ या काळात तिथल्या मैदानांवरचे नत्र ३४ टक्के, स्फुरद ५३ टक्के आणि पालाश ४२ टक्के कमी झाले. काही मैदाने बंद पडली, काहींनी खत देण्याचे क्षेत्र घटवले, हेही त्यामागे आहे. खर्चाचा ताण होता आणि कायद्याचाही होता. मिनेसोटा राज्यात माती परीक्षणात गरज दिसल्याशिवाय घरच्या लॉनला स्फुरद घालण्यावर २००५ पासून राज्यभर बंदी आहे. मैदानांना सवलत आहे, पण त्यासाठी खत देणारा माणूस प्रशिक्षित असावा लागतो. फ्लोरिडातील पिनेलास काउंटीत १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत लॉनला नत्र आणि स्फुरद घालता येत नाही. कारण पावसात वाहून गेलेले खत तळ्यात व खाडीत शेवाळ वाढवते.

तारखा पाहा. जून ते सप्टेंबर हाच आपला खरीप. आपला बराचसा युरिया याच चार महिन्यांत जमिनीवर पडतो. पिकाला तेव्हाच गरज असल्याने आपल्याकडे अशी बंदी घालून चालणार नाही. पण मुसळधार पावसात खत वाहून जाते हा नियम फ्लोरिडाला लागू आहे तसा आपल्यालाही आहे. फरक इतकाच की तिथे नुकसान तळ्याचे म्हणून मोजले गेले. आपल्याकडे ते शेतकऱ्याच्या खिशातून जाते आणि पुढे विहिरीच्या पाण्यात उतरते.

जी हरळी आपण उपटतो, तीच तिथे पोसली जाते

आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर बर्म्युडा गवत असते. हे गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीनवर तिच्या बुटक्या संकरित जाती लावतात. टिफड्वार्फ, टिफईगल ही त्यांतली नावे. किनाऱ्यावर, जिथे पाणी खारट, तिथे पॅस्पलम गवत लावले जाते.

हरळी उष्ण हवामानाचे गवत आहे. ऊस, मका आणि ज्वारी यांच्याप्रमाणेच तिला ऊन आणि उष्णता मानवते. म्हणून तिच्या खताचे वेळापत्रक आपल्याला परके वाटत नाही. युरोपातल्या आणि आपल्या हिमालयातल्या थंड मैदानांवरची गवते गव्हासारखी वागतात. त्यांना २० अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत चांगली वाढ मिळते. हरळीला त्यासाठी ३१ अंश लागतात. त्यामुळे परदेशी पुस्तकातले वेळापत्रक उतरवून घेताना ते कोणत्या गवतासाठी आहे, हे आधी पाहावे. अशा पुस्तकात पानगळीच्या दिवसांत भरपूर खत द्या असे लिहिलेले असते. ते थंड हवामानाच्या गवतासाठी असते.

तापमानावरून मात्रा

अमेरिकेतील पेस टर्फ संस्थेचे लॅरी स्टोवेल आणि वेंडी गेलर्न्टर यांनी गवताच्या वाढीची क्षमता तापमानावरून काढण्याची सोपी पद्धत रूढ केली. महिन्याचे सरासरी तापमान गवताच्या आवडीच्या तापमानाच्या जितके जवळ, तितकी वाढ जास्त आणि तितकीच नत्राची गरज जास्त. ३१ अंशांना वाढ पूर्ण, म्हणजे १०० टक्के धरली, तर हरळीसाठी पुढील आकडे येतात.

- सरासरी ३० अंश: सुमारे ९९ टक्के
- २६ अंश: सुमारे ७७ टक्के
- २५ अंश: सुमारे ६९ टक्के
- २३ अंश: सुमारे ५२ टक्के
- २१ अंश: सुमारे ३६ टक्के
- १४ अंश: सुमारे ५ टक्के

येथे सरासरी म्हणजे दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान यांची सरासरी. दुपारचे तापमान नव्हे. पुण्यात जानेवारीत दुपारी ऊन चांगले असते, पण रात्र थंड असल्याने सरासरी २१ अंशांच्या आसपास राहते. दिल्लीत ती १४ च्या आसपास उतरते. किनाऱ्यावर, रत्नागिरी किंवा गोव्यात, ती २६ च्या जवळ असते. म्हणजे एकच हरळी जानेवारीत दिल्लीला जवळपास झोपलेली, पुण्यात एक तृतीयांश वेगाने चालणारी आणि गोव्यात तीन चतुर्थांश वेगाने वाढणारी असते. या तिघींना एकच खताचे वेळापत्रक देणे चुकीचे आहे. तरी खताच्या पिशवीवर आणि सल्ल्याच्या पत्रकावर आपल्याला बहुतेक वेळा एकच वेळापत्रक दिसते.

आता मात्रा. सर्वाधिक वाढीच्या महिन्यात चौरस मीटरला ३ ग्रॅम नत्र ही कमाल मर्यादा धरू. एकरी हे १२ किलो नत्र, म्हणजे सुमारे २६ किलो युरिया होते. मे महिन्यात एवढे लागेल. जानेवारीत त्याच्या ३६ टक्के, म्हणजे एकरी साडेनऊ किलो युरिया पुरे. मेची मात्रा जानेवारीत दिली तर उरलेले नत्र गवत उचलत नाही. ते जमिनीत पडून राहते आणि पुढच्या पाण्याबरोबर खाली जाते.

चमच्याने भरवणे

ग्रीनच्या खाली माती नसते, वाळू असते. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार खाली खडीचा थर आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर असतो. वाळू खत धरून ठेवत नाही. त्यामुळे महिन्याचे खत एकदम टाकून चालत नाही. चौरस मीटरला अर्धा ग्रॅम नत्र, म्हणजे एका गुंठ्याला सुमारे ११० ग्रॅम युरिया, पाण्यात विरघळवून आठवड्याला किंवा दहा दिवसांनी फवारतात. लगेच हलके पाणी देतात. बाळाला चमच्याने भरवावे तसे हे खत देणे आहे.

आपल्याकडे हलक्या, मुरमाड आणि रेताड जमिनी याच जातीच्या. पावसाळ्यात एकरी एक गोणी युरिया एकदम फेकला तर त्यातला बराच भाग मुळांखाली जातो. भारी काळ्या जमिनीत निराळेच नुकसान होते. या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, चुनखडीही असते. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर युरिया तसाच पडून राहिला तर त्यातले नत्र अमोनिया वायूच्या रूपात उडून जाते. आणि शेतात पाणी तुंबले तर नायट्रेटचे रूपांतर वायूत होऊन ते हवेत जाते. म्हणजे हलक्या जमिनीत नत्र खाली जाते, भारी जमिनीत वर जाते. दोन्ही ठिकाणी उपाय एकच: मात्रेचे जास्त हप्ते करावेत, जमिनीत वाफसा असताना खत द्यावे आणि ते मातीआड करावे किंवा लगेच हलके पाणी द्यावे.

हंगामानुसार काय करावे?

लॉन, क्रीडांगण, रोपवाटिकेतील हिरवळ आणि विक्रीसाठी लावलेली लॉन यांसाठी पश्चिम महाराष्ट्रातील पठारी भागाचे वेळापत्रक असे ठेवता येईल.

*उन्हाळा (मार्च ते मे):* वाढ सर्वांत वेगाने होते. पाणी असेल तरच पूर्ण मात्रा द्यावी. पाणी कमी असेल तर नत्रही कमी करावे, कारण नत्राने वाढलेले गवत जास्त पाणी मागते. महिन्याची मात्रा तीन ते चार हप्त्यांत द्यावी. भर दुपारी फवारणी टाळावी. दबलेल्या जमिनीला भोके पाडून वाळू किंवा चाळलेले शेणखत भरण्याचे काम पाऊस सुरू होण्याआधी उरकावे. नंतर पावसात मुळे खोल उतरतात.

*पावसाळा (जून ते सप्टेंबर):* तापमान २५ ते २७ अंशांच्या आसपास, म्हणजे वाढीला बरे असते. पण ढगांमुळे ऊन कमी पडते. तक्त्यातून येणारी मात्रा म्हणून आणखी कमी करावी. दोन दिवसांत मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर हप्ता पुढे ढकलावा. या दिवसांत नत्र वाढवले तर गवत कोवळे होते, रोग लवकर पडतो आणि कापणीचा खर्च वाढतो.

*पावसाळ्यानंतर (ऑक्टोबर, नोव्हेंबर):* ऑक्टोबरचे ऊन ही हरळीला सावरण्याची संधी असते. पावसाने धुपलेल्या जागी भर टाकून नत्राचे हप्ते नियमित करावेत. माती परीक्षणात पालाश कमी आढळला असेल तर तो याच वेळी द्यावा. नोव्हेंबरच्या मध्यापासून नत्र उतरवत न्यावे.

*हिवाळा (डिसेंबर ते फेब्रुवारी):* मात्रा एक तृतीयांश ते निम्मी ठेवावी. या दिवसांत गवत फिके पडते आणि मालक तक्रार करतो. तक्रार आली की युरिया फेकायचा, ही सवय सोडावी. थंडीमुळे वाढ थांबली असेल तर युरियाने ती सुरू होत नाही.

पिवळेपणा म्हणजे नेहमी नत्राची कमतरता नव्हे

मैदानावरचे जाणकार माळी फिकट गवत पाहून आधी कोणते पान पिवळे आहे ते पाहतात. जुनी, खालची पाने पिवळी असतील तर नत्र कमी. नवी, वरची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी. लोहाच्या फवारणीने रंग येतो, पण गवत अकारण वाढत नाही.

चुनखडीयुक्त जमिनीत भुईमूग, सोयाबीन आणि ऊस यांच्यात हेच दिसते. पावसाळ्यात पाणी साचले की शेंड्याकडची पाने पिवळी पडतात आणि शेतकरी युरिया फेकतो. चर काढून पाण्याचा निचरा करावा. लोहाची कमतरता असल्यास ०.५ टक्के फेरस सल्फेटची, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, फवारणी केली जाते. आपल्या पिकासाठी नेमकी शिफारस कृषी सहायकाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून घ्यावी. चुकीच्या निदानावर टाकलेली युरियाची गोणी वाया तर जातेच, पण टंचाईच्या दिवसांत ती दुसऱ्याच्या पिकाच्या तोंडचीही गेलेली असते.

स्वस्त नत्र, महाग स्फुरद आणि आपला समतोल

गवताच्या वाळलेल्या पात्यात साधारण ४ टक्के नत्र, अर्धा टक्का फॉस्फरस आणि २ टक्के पोटॅशियम असते. खताच्या भाषेत मांडायचे तर गवताने ४ किलो नत्र उचलले की त्याबरोबर सव्वा किलोहून कमी स्फुरद आणि सुमारे अडीच किलो पालाश उचलला जातो. लॉनवर सवयीने १०:२६:२६ टाकणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. नत्राच्या अडीचपटीहून अधिक स्फुरद जमिनीत पडत राहते आणि गवताला त्याची गरज नसते. कापलेले गवत तिथेच कुजू दिले तर गरज आणखी कमी होते.

शेतात मात्र चूक उलट बाजूने होते आणि तिचे कारण दरात आहे. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात २०.७ किलो नत्र असते, म्हणजे नत्र किलोला सुमारे १३ रुपये पडते. डीएपीची गोणी १,३५० रुपयांना. त्यातल्या नत्राची किंमत याच दराने वजा केली तर स्फुरद किलोला सुमारे ५४ रुपये पडते. पोटॅशची गोणी दीड हजारांच्या पुढे गेल्यावर पालाशही किलोला ५० रुपयांच्या वर जातो. २०१० पासून स्फुरद आणि पालाशयुक्त खतांना पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान मिळते आणि त्यांच्या किमती बदलतात. युरियाची किंमत सरकार बांधून देते. जे सर्वांत स्वस्त ते माणूस जास्त वापरतो, हे साहजिक आहे. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

सरकारने यावर काही उपाय केले. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप आला. त्याने उद्योगांकडे होणारी पळवापळवी रोखण्याचा आणि नत्र सावकाश सुटण्याचा असे दोन हेतू साधायचे होते. २०१८ मध्ये गोणी ५० वरून ४५ किलोवर आली. २०२३ मध्ये ‘पीएम-प्रणाम’ योजना मंजूर झाली. रासायनिक खताचा वापर कमी करणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग देण्याची तिच्यात तरतूद आहे. त्याच वर्षी गंधकाचा लेप असलेला ‘युरिया गोल्ड’ आला. गंधकाच्या लेपाचा युरिया जगभर लॉन आणि गोल्फ मैदानांवर पूर्वीपासून वापरात आहे. आपल्या ४० किलोच्या गोणीत ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असते. किंमत साध्या गोणीइतकीच असल्याने नत्र किलोला १८ रुपये पडते, पण सोबत गंधक मिळते. गंधकाची कमतरता असलेल्या जमिनीत, तेलबिया आणि कडधान्यांना त्याचा विचार करण्यासारखा आहे.

तरी दरातली मूळ तफावत कायम आहे. जोवर ती आहे तोवर समतोल राखण्याचे काम माती परीक्षणाच्या कागदावरच अवलंबून राहते.

माती परीक्षणाचे आकडे वाचताना एक सावधगिरी

२०१२ मध्ये पेस टर्फ आणि एशियन टर्फग्रास सेंटरचे मायका वुड्स यांनी गवतासाठी किमान पोषण पातळ्या मांडल्या. मातीत स्फुरदाचे मूलद्रव्य २१ पीपीएम आणि पालाशाचे ३७ पीपीएम यांच्या वर असेल आणि वर्षभर तिथेच राहणार असेल, तर ते खत घालायची गरज नाही, असा त्यांचा अर्थ. या पातळ्या जुन्या शिफारशींपेक्षा बऱ्याच खाली आहेत. अनेक मैदानांना त्यामुळे खत कमी करण्याचा आधार मिळाला.

हे आकडे आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेशी थेट जुळवू नयेत. ते मेहलिक-३ नावाच्या पद्धतीचे आहेत. आपल्या प्रयोगशाळांत स्फुरद बहुधा ओल्सेन पद्धतीने आणि पालाश अमोनियम ॲसिटेट पद्धतीने मोजतात. पद्धत बदलली की आकडा बदलतो. शिवाय त्या पातळ्या गवतासाठी आहेत, धान्यासाठी किंवा उसासाठी नाहीत. घ्यायचा तो विचार: मातीत किती आहे, पीक किती उचलणार आणि हंगामाअखेर किती उरायला हवे, हे तीन आकडे मांडून मगच खत ठरवावे.

या हिशेबात पाण्यातले नत्रही धरावे. अनेक मैदाने सांडपाणी शुद्ध करून वापरतात आणि त्यातले नत्र खतातून वजा करतात. आपल्या विहिरीच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र असेल आणि हंगामात एकूण १,००० मिलिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी १०० किलो नत्र पाण्यातूनच येते. उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे युरिया टाकलेल्या शिवारात पाण्याची तपासणी करून घेणे म्हणूनच फायद्याचे आहे. असे पाणी पिण्यासाठी वापरत असाल तर ती तपासणी आरोग्यासाठीही गरजेची आहे.

काय घ्यावे, काय घेऊ नये

मैदानाला उत्पादन काढायचे नसते. गवत जितके कमी वाढेल तितका कापणीचा खर्च वाचतो. म्हणून त्यांना नत्र एक तृतीयांशाने कमी करणे परवडले. आपल्याला टनेज हवे, दाणा हवा. शेतातून धान्य, ऊस, कडबा बाहेर जातो आणि त्याबरोबर अन्नद्रव्येही जातात. तेव्हा गोल्फने ३४ टक्के कमी केले म्हणून आपणही करू, असे करू नये. शिफारशीपेक्षा जास्त टाकत असाल तर आधी शिफारशीवर या. बरीच बचत तिथेच होते.

घ्यायची ती पद्धत. आपल्या शिफारशींत ती आधीपासून आहे. सुरू उसाला नत्र लागणीवेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असे द्यायचे असते. प्रत्यक्षात गोणी मिळेल तेव्हा खत पडते. टंचाईच्या भीतीने दोन हप्ते एकदम टाकले जातात. इथे साठेबाजी आणि लिंकिंगचा फटका केवळ खिशाला बसत नाही. खताची वेळ चुकते आणि वाया जाणारा भाग वाढतो. खत वेळेवर पोहोचवणे हा खत वाचवण्याचाच मार्ग आहे, हे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

लॉनचे गालिचे विकणाऱ्यांना एक वेगळा धोका आहे. गालिचा कापताना गवताबरोबर मातीचा थर जातो. तो एक सेंटिमीटर जरी धरला तरी एकरी सुमारे ४० घनमीटर, म्हणजे ५० टनांच्या आसपास माती प्रत्येक कापणीला शेताबाहेर जाते. ही तूट युरियाने भरून निघत नाही. थर शक्य तितका पातळ ठेवावा, प्रत्येक कापणीनंतर कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घालावे आणि हा खर्च गालिच्याच्या दरात धरावा. तो न धरता मिळालेला नफा म्हणजे विकलेली जमीन आहे.

या हंगामात करायच्या गोष्टी

- खत आणण्याआधी मृदा आरोग्य पत्रिका काढून पाहा. तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नमुना पुन्हा द्या. लॉनचा नमुना वेगळा घ्या.
- नत्राचे हप्ते वाढवा. ठिबक असेल तर आठवड्याचे हप्ते करा. ठिबक नसेल तर शिफारशीतला एकही हप्ता दुसऱ्यात मिसळू नका.
- हवामानाचा अंदाज पाहून हप्ता द्या. मुसळधार पावसाआधी आणि पाणी तुंबलेल्या शेतात युरिया टाकू नका.
- भातात पर्णरंग तक्ता वापरा. पानाचा रंग तक्त्याशी जुळवून वरखत द्यायचे की थांबायचे ते ठरवता येते. मैदानावर रोज कापलेल्या गवताचे माप घेतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पीक किती वेगाने वाढते ते पाहून खत द्यायचे.
- लॉनला थंडीत कमी, उन्हाळ्यात पाण्याच्या बेताने आणि पावसाळ्यात थोडे थोडे नत्र द्या. सवयीने १०:२६:२६ टाकणे थांबवा.
- एक छोटा तुकडा तुलनेसाठी ठेवा. दोन-तीन गुंठ्यांत नेहमीच्या पद्धतीने आणि शेजारी हप्ते वाढवून खत द्या. दोन्हींची मात्रा आणि तारखा वहीत लिहा. पुढच्या वर्षीचा निर्णय त्या वहीवरून घ्या.

कृषी सहायकांनी या शेवटच्या मुद्द्यासाठी गावातले तीन-चार शेतकरी तयार करावेत. शेजारच्या शेतातले दोन तुकडे डोळ्यांनी पाहिले की हप्त्यांचा सल्ला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.